‘उडवा’ म्हणालो, तिथे चुकलो

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात मी गणित शिकवतो. नववी-दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात आणि अकरावी-बारावी विज्ञानाचे तासही घेतो. घातांक, लॉगरिदम आणि त्रिकोणमिती या तीन ठिकाणी पोरं हमखास अडतात, ही तक्रार मी बरीच वर्षं केली. पाया कच्चा आहे, घरी अभ्यासाला जागा नाही, मोबाइल हातात आलाय, अशी कारणं इतर शिक्षकांबरोबर मीही देत आलो. मग एकदा जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत द्यायच्या आधी सहज चाळला. वेगवेगळ्या सालच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या पोरांनी एकच चूक अगदी एकाच पद्धतीनं केली होती. इतक्या जणांना एकच चूक स्वतःहून सुचत नाही. ती त्यांना कुणीतरी शिकवलेली असते, आणि शिकवणारा मी होतो.

चूक अशी: ‘लॉग ८ भागिले लॉग २’ याची किंमत काढा. पोरांनी वरचा लॉग आणि खालचा लॉग तिरक्या रेघेनं कापला, आठाला दोनानं भागलं आणि उत्तर लिहिलं ४. बरोबर उत्तर ३ आहे. लॉगच्या तक्त्यात पाहा: लॉग ८ म्हणजे ०.९०३१, लॉग २ म्हणजे ०.३०१०, भागाकार तीन. तक्ता नसला तरी चालतं, कारण दोनाचा तिसरा घात आठ, एवढंच ते गणित सांगतंय. त्याच गठ्ठ्यात त्रिकोणमितीच्या पेपरात ‘साइन ६० भागिले साइन ३०’ होतं. तिथंही साइन कापून ६० ला ३० नं भागलेलं, उत्तर २. खरं उत्तर वर्गमूळ तीन, म्हणजे १.७३२ च्या आसपास.

हे आलं कुठून? समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना लॉग आला की मी म्हणायचो, ‘दोन्हीकडचा लॉग उडवा.’ सगळेच म्हणतात. लॉग एक्स बरोबर लॉग पाच असेल, तर एक्स बरोबर पाच हे खरंच आहे. पण त्याचं कारण वेगळं आहे: दोन वेगळ्या धन संख्यांचा लॉग कधी सारखा येत नाही, म्हणून लॉग सारखे तर संख्याही सारख्या. हे कारण मी कधी बोललो नाही. ‘उडवा’ हा शब्द पोरांनी पाचवी-सहावीपासून अपूर्णांकात ऐकलेला, तिथं वरचा आणि खालचा सामाईक अवयव उडतो. मी तोच शब्द लॉगला लावला आणि लॉग हीसुद्धा कुठलीतरी संख्या आहे, पुढच्या आकड्याला गुणून ठेवलेली, असं त्यांच्या मनात पक्कं बसवलं. एकदा हे बसलं की पुढच्या चुका आपोआप येतात. लॉग (२ + ३) चे लॉग २ + लॉग ३ होतात. खरं तर लॉग २ आणि लॉग ३ ची बेरीज ०.७७८२, तो सहाचा लॉग. पाचाचा लॉग ०.६९९०. मी तिथं लाल रेघ मारून बाजूला सूत्र लिहीत असे, पोरगं सूत्र पाठ करत असे, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच.

आता मी लॉग हा एक प्रश्न म्हणून शिकवतो. लॉग १००० म्हणजे ‘दहाचा कितवा घात घेतला की हजार येतात?’ उत्तर तीन. पाया बदला, प्रश्न बदलतो: पाया दोन असेल तर ‘दोनाचा कितवा घात?’ प्रश्न कापता येत नाही, त्याचं उत्तर द्यावं लागतं. एवढं एकच वाक्य पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं असतं तर तो गठ्ठा पुष्कळ हलका झाला असता.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती एका मुलीच्या चांगल्या प्रश्नाला दिलेलं वाईट उत्तर होती. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत आपल्याकडे कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचा तक्ता चालतो. म्हणून अकरावीत तक्ता वाचायला शिकवावंच लागतं. ०.००२ चा लॉग काढताना मी पाठांतर दिलं: दशांशचिन्हानंतर जितकी शून्यं तितक्यात एक मिळवा, त्यावर आडवी रेघ द्या, पुढं तक्त्यातला आकडा लिहा. उत्तर बार ३.३०१०. ती म्हणाली, “सर, रेघ वर कामून देयची? वजा आहे तर मागं वजाचं चिन्ह कामून नाही?” मी म्हणालो, “पद्धत आहे तशी.” ती खाली बसली आणि पुढच्या गणितात तिनं बार ३.३०१० ला सरळ उणे ३.३०१० धरलं. अँटिलॉग आला ०.०००५. उत्तर चौपटीनं चुकलं.

रेघ वर असते, कारण वजा फक्त तिनाला आहे. पुढचा ०.३०१० धनच आहे. म्हणजे ती संख्या उणे ३ अधिक ०.३०१०, एकूण उणे २.६९९०. आणि तो धन का ठेवायचा, यात तर सगळी खुबी आहे. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग २०० म्हणजे २.३०१०, लॉग ०.००२ म्हणजे बार ३.३०१०. दशांशचिन्ह कुठंही सरको, शेपटीचे चार आकडे तेच राहतात. म्हणून दोन, वीस, दोनशे आणि ०.००२ या सगळ्यांना तक्त्यातली एकच ओळ पुरते. दशांशचिन्हाआधीचा पूर्ण आकडा, ज्याला पुस्तकात कॅरॅक्टरिस्टिक म्हणतात, तो दशांशचिन्हाची जागा सांगतो. शेपटी, म्हणजे मँटिसा, अंक सांगते. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरनं १६१४ मध्ये लॉगरिदम छापले तेव्हा ही सोय त्यात नव्हती. हेन्री ब्रिग्जनं नेपियरला भेटून पाया दहा ठरवून घेतला आणि १६१७ मध्ये एक ते हजारपर्यंतचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. आपल्या पोरांच्या हातातला तक्ता त्या कामाचा वारस आहे. चकलांब्यातल्या अकरावीतल्या मुलीनं नेमक्या त्याच जागी बोट ठेवलं होतं आणि मी ‘पद्धत आहे’ म्हणून तिला गप्प केलं.

घातांकाच्या बाबतीत माझी चूक शब्दांच्या गोंधळाची. एक्सचा वर्ग आणि दोनाचा एक्सवा घात, दोन्हींना मी ‘घात’ म्हणत पुढं जायचो. पोरांना दोन्ही सारखेच वाटले. एक्सला दहा द्या: पहिल्याचे शंभर, दुसऱ्याचे १०२४. वीस द्या: पहिल्याचे ४००, दुसऱ्याचे दहा लाख ४८ हजार ५७६. एकात बदलणारी संख्या खाली, पायात आहे, दुसऱ्यात ती वर, घातांकात आहे. घातांकी फल म्हणतात ते दुसऱ्याला. ‘झपाट्यानं वाढतं ते घातांकी’ असंही मी सांगितलं होतं, तेही चूक. घातांकी वाढ सुरुवातीला अतिशय हळूही असू शकते. दर खेपेला ठरावीक पटीनं वाढणं, ही तिची खूण.

आणि यासाठी गावात तयार शब्द होता: चक्रवाढ. तो मी वापरला नाही, कारण चक्रवाढ व्याज माझ्या डोक्यात खालच्या वर्गाचा धडा होता. एका मुलानं विचारलं होतं, “सर, तीन टक्क्यानं पैसे काढले तर डबल कधी होतेत?” आमच्याकडं तीन टक्के म्हटलं की ते महिन्याचे, शंभराला तीन रुपये. बँकेसारखे वर्षाचे नव्हेत. मी त्याला म्हणालो, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही. खरं म्हणजे घातांक आणि लॉग या दोन्ही प्रकरणांचं याहून नेमकं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? थकलेलं व्याज मुद्दलात धरत गेलं तर शंभराचे वर्षाअखेर १३६ होत नाहीत, १४२ रुपये ५८ पैसे होतात. दुप्पट कधी? १.०३ चा कितवा घात २, हा प्रश्न. लॉग २ भागिले लॉग १.०३, म्हणजे ०.३०१० भागिले ०.०१२८, साडेतेवीसच्या आसपास. चोविसाव्या महिन्यात रक्कम दुप्पट. दामदुप्पट हा जुना नियम, व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये हा, या हिशेबात व्याजाला दोन वर्षंही पुरी करू देत नाही. त्या मुलानं हा प्रश्न गंमत म्हणून विचारला नव्हता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्याला उत्तर वर्षभर उशिरा दिलं. तोवर त्याच्या घरच्यांनी जो व्यवहार करायचा तो करून टाकला होता.

वर्गाबाहेरही मी चुकलो. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून वाटल्या जातात. त्यांत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब अशा नोंदी असतात. एका कापूस-मोसंबीवाल्या शेतकऱ्यानं दोन शेतांच्या दोन पत्रिका दाखवल्या. एकीत सामू ८, दुसरीत ८.५. “गुरुजी, अर्ध्यानं काय बिघडतंय?” मी म्हणालो, फारसा फरक नाही. लॉग शिकवणाऱ्या माणसानं हे म्हणावं याची मला आजही खंत आहे. सामू ही लॉगवर उभी राहिलेली मोजपट्टी आहे, डेन्मार्कच्या सोरेनसननं १९०९ मध्ये आणलेली. सामू एकानं वाढला की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा पटींनी घटतं. अर्ध्यानं वाढला की वर्गमूळ दहा, म्हणजे तीन पटींहून थोडं अधिक. साडेआठच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याच्या मोसंबीची पानं तशीच होती. मी ती पाहिली होती, पण आकड्याशी जोडली नव्हती.

भूकंपाचंही तेच. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी जाणवला. वर्गात किल्लारीचा विषय निघाला. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप ६.२ चा. ‘म्हणजे याच्या दीडपटसुद्धा नाही का?’ असं एकानं विचारलं आणि मी घाईत होकार दिला. आकड्यांतला फरक १.७ आहे, आणि दहाचा १.७ वा घात पन्नास. जमिनीची हालचाल पन्नास पट, बाहेर पडलेली ऊर्जा साडेतीनशे पटींच्या घरात. ज्या भूकंपात आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतली गावंच्या गावं गाडली गेली, त्याला मी वर्गात दीडपट करून टाकलं. दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्ती केली, पण त्या दिवशी गैरहजर असलेल्यांपर्यंत ती पोहोचली की नाही, सांगता येत नाही.

त्रिकोणमितीत मी काटकोन त्रिकोण नेहमी एकाच प्रकारे काढायचो, काटकोन उजवीकडं खाली, थीटा डावीकडं. संमुख बाजू उभी, लगतची आडवी, कर्ण तिरका. परीक्षेत त्रिकोण फिरवून आला की निम्मा वर्ग उभ्या बाजूलाच संमुख म्हणायचा. संमुख हे त्या कोनाच्या समोर, कोन बदलला की संमुख बाजूही बदलते, हे त्यांना सांगून झालं होतं, दाखवून झालं नव्हतं. साइन ही लांबी नाही, दोन लांबींचं गुणोत्तर आहे, हेही तसंच राहिलं. पोरं ‘साइनची लांबी किती?’ विचारायची तेव्हा मी चिडायचो.

चिडायचं कारण नव्हतं. साइनला आपल्या जुन्या गणितात ‘ज्या’ म्हणत. आर्यभटानं ४९९ मध्ये दिलेल्या ज्या लांबीच होत्या: ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळातल्या अर्ध्या जीवांच्या लांबी. ३० अंशांची ज्या १७१९, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. त्रिज्येनं भागलं की आपला एक-द्वितीयांश मिळतो. मग ३४३८ च का? वर्तुळाच्या परिघाला ३६० अंशांच्या २१,६०० कला (एका अंशाच्या साठ) मानल्या तर त्रिज्या त्याच मापात ३४३८ भरते. हे मला कळलं तेव्हा रेडियनही पहिल्यांदा नीट कळलं. परिघावर त्रिज्येएवढी लांबी मोजली की जो कोन होतो तो एक रेडियन, ५७.३ अंश, म्हणजेच ३४३८ कला. एवढं माहीत असतं तर आणखी एक चूक टळली असती. एका पोरानं मोबाइलवर साइन ३० काढला, उत्तर आलं उणे ०.९८८. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, मोबाइल बिघडलाय. मोबाइल ठीक होता. तो ३० रेडियन धरून बसला होता आणि त्या कोनाचा साइन खरंच उणे ०.९८८ आहे.

‘साइन (३० + ६०)’ चे तुकडे पाडून बेरीज करणं हीसुद्धा ‘उडवा’च्याच कुळातली चूक. बेरीज १.३६६ येते, आणि साइन एकाच्या वर जातच नाही. नव्वदाचा साइन तर बरोबर एक. पूर्वी मी नुसती फुली मारायचो, आता विचारतो: कर्णापेक्षा मोठी बाजू काटकोन त्रिकोणात कुठून आणलीस? दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचा नियम भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या ज्योत्पत्तीत दिला आहे, ११५० मध्ये. तो नियम लागतो, म्हणजेच नुसती बेरीज करून भागत नाही, हे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव घेऊन सांगितलं की पोरं कान देतात.

एकदा कोनमापकाला दोरा आणि दगडाचा ओळंबा बांधून सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी नेलं. वीस मीटरवरून उन्नत कोन ३५ अंश. टॅन ३५ म्हणजे ०.७००२, उंची चौदा मीटर. सगळे खूश, मीही. टाकीवर चढणाऱ्या माणसानं सांगितलेल्या उंचीशी जुळेना. कोन जमिनीवरून मोजला नव्हता, पोराच्या डोळ्यापासून मोजला होता. त्याच्या डोळ्यापर्यंतचे १.४ मीटर मिळवायला हवे होते. आकृतीत मी डोळा काढलाच नव्हता.

अकरावीबद्दल थोडं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं विज्ञानाला येतात आणि एकदम सगळं इंग्रजीतून सुरू होतं. मी पहिल्याच तासाला म्हणायचो, आता कर्ण म्हणायचं नाही, हायपोटेन्यूज म्हणायचं. इंग्रजीची सवय व्हावी म्हणून म्हणायचो. झालं असं, की ज्या शब्दाशी त्यांचं चित्र जोडलेलं होतं तो शब्दच मी काढून घेतला. शिवाय एकच शब्द दोन तासांत दोन अर्थांनी येतो याकडं माझं लक्ष नव्हतं. गणिताच्या पुस्तकात कलन आलं की लॉगचा पाया ई असतो. रसायनशास्त्राच्या तासाला तोच लॉग दहाच्या पायाचा, म्हणून तिथं सूत्रात २.३०३ हा गुणक दिसतो. एका मुलीनं एक भागिले एक्सचं एक ते दोनपर्यंतचं संकलन बरोबर काढून लॉग २ लिहिलं आणि तक्ता पाहून ०.३०१० उत्तर दिलं. हवं होतं ०.६९३१. मी अर्धे गुण कापले. ०.३०१० ला २.३०३ नं गुणलं की ०.६९३ येतात, इतकं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. आता फळ्याच्या उजव्या कडेला दोन रकाने वर्षभर असतात: मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द; लॉगपुढं त्याचा पायाही.

शेवटची चूक कुठल्या सूत्रात नव्हती, वर्षाच्या आखणीत होती. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडावर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परततात. काही पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, काही आईबापाबरोबर जातात. दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणमिती सहावं प्रकरण आहे. पुस्तकाच्या क्रमानं गेलो की ते दिवाळीनंतर येतं. म्हणजे जी पोरं जातात त्यांना मी त्रिकोणमिती कधी शिकवलीच नाही, आणि परीक्षेत त्यांचे गुण कमी आले की पाया कच्चा म्हणालो.

या प्रकरणाला आधार लागतो तो समरूपता आणि पायथागोरसचं प्रमेय यांचा, आणि ती दोन्ही पुस्तकात पहिली दोन प्रकरणं आहेत. गेवराई, शिरूर, पाटोदा, धारूर, जिथून जिथून पोरं फडावर जातात तिथल्या गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: तिसरं, चौथं, पाचवं प्रकरण थांबू द्या, त्रिकोणमिती दिवाळीआधी शिकवा. ती पोरं निघायच्या आत.